लहान घर, मोठा कुत्रा

(द्वितीय वर्ष, कला)

‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे.’ प्राथमिक शाळेच्या निबंधात हे वाक्य लिहिले नाही, असा विद्यार्थी महाराष्ट्रात शोधूनही सापडायचा नाही. त्या निबंधात कुत्र्याला चार पाय असतात, एक शेपूट असते, तो घराची राखण करतो. आणि शेवटी ‘मला कुत्रा फार आवडतो’ एवढे लिहिले की दहापैकी सात गुण ठरलेले. माणूस कुत्र्याशी किती इमानी असतो, हा प्रश्न मात्र कुठल्याही परीक्षेला येत नाही. तो रस्त्यावर येतो.

धाब्यांच्या मागे, बाह्यवळणाच्या पुलाखाली, देवळाच्या ओवरीत हल्ली अशी कुत्री दिसतात की जी मुळात रस्त्याची नव्हेत. अल्सेशियन, लॅब्रॅडोर, रॉटवायलर, ग्रेट डेन; एखाद्या वेळी सेंट बर्नार्डसुद्धा. आल्प्स पर्वतातल्या बर्फाळ खिंडीतल्या मठात नावारूपाला आलेली ती जात आपल्या एप्रिलच्या डांबरावर धापा टाकताना दिसते. गळ्याभोवती पट्ट्याचा वळ असतो, पट्टा नसतो. गावठी कुत्रे पिढ्यान्पिढ्या रस्त्यावर जगत आलेले असते. कोणत्या दुकानदाराचा दगड बसतो, कोणत्या मावशीकडे चतकोर मिळतो, ट्रक आला की कुठे सरायचे, हे त्याला उपजत कळते. दिवाणखान्यात वाढलेल्या कुत्र्याला यातले काही कळत नाही. मोटार जिथे सोडून गेली तिथेच ते बसून राहते आणि येणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे मान उंचावून पाहते.

असे का होते, हे समजायला फार मोठा अभ्यास लागत नाही. दोन महिन्यांचे पिल्लू मांडीत मावते. वर्ष उलटेपर्यंत तेच पिल्लू तीस-चाळीस किलोचे होते आणि मांडी काही वाढत नाही. मग बदली होते, घर बदलते, घरात बाळ येते, कुत्रे आजारी पडते, आणि ‘सांभाळायला कोणी नाही’ हे वाक्य तयार असते. पिल्ले विकण्याचा धंदा करणारे लोक तर मादीकडून पिल्ले मिळेनाशी झाली की तिला बाहेरच काढतात. २०२० च्या मार्चमध्ये कुत्र्या-मांजरांमुळे करोना होतो अशी आवई उठली, तेव्हाही कितीतरी मुक्या जिवांना रस्ता दाखवण्यात आला.

कायदा नाही असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. नृत्यांगना म्हणून जगाला ठाऊक असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून तो आला, ही गोष्ट आपल्या कला शाखेला अभिमानाची वाटावी. त्या कायद्याच्या अकराव्या कलमात, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा ठरवला आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! ज्या पिल्लासाठी हजारो रुपये मोजले, त्याला टाकून देण्याची किंमत एका चहा-भजीइतकी. २०१७ च्या नियमांनी पिल्ले विकणाऱ्यांना नोंदणीची सक्ती केली आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला मनाई केली. परंतु विकत घेणाऱ्याच्या मनाची नोंदणी कोणी करायची?

अशा वेळी जे थोडे लोक पुढे येतात, त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. त्यांच्याजवळ इमारत नसते, पगारी नोकर नसतात. कोणी बँकेत कारकून, कोणी शिकवण्या घेणाऱ्या बाई, कोणी आपल्यासारखाच विद्यार्थी. टाकलेले कुत्रे ही मंडळी उचलतात, डॉक्टरांकडे नेतात, आणि कायमचे घर मिळेपर्यंत आपल्यातल्याच कोणाच्या तरी घरी ठेवतात. याला त्यांच्या भाषेत ‘फॉस्टर’ म्हणतात. आपण त्याला पाहुणघर म्हणू या.

दया ही आपल्याकडे नवी नाही. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली. १८३२ साली मुंबईत इंग्रजी अंमलदारांनी रस्त्यावरची कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहर बंद पडले. त्यानंतर दोन वर्षांनी मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. पण पांजरपोळ आणि पाहुणघर यांत एक फरक आहे. पांजरपोळ जनावराला आसरा देते. पाहुणघर त्याला पुन्हा घरात राहायला शिकवते. पिंजऱ्यात कोंडलेले कुत्रे नुसते भुंकते किंवा कोपऱ्यात पडून राहते, त्याचा खरा स्वभाव कळत नाही. घरात ठेवले की कळतो. झाडू उचलला की ते लपते का, फटाक्यांना भिते का, लहान मुलाने शेपूट ओढली तर काय करते, जेवताना जवळ गेलेले चालते का, मांजर दिसले की काय होते, हे सारे दोन-तीन आठवड्यांत ध्यानात येते. आधी काही दिवस त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवतात, कारण डिस्टेंपर, पार्व्हो यांसारखे रोग एकापासून दुसऱ्याला होतात. लस टोचतात, नसबंदी करतात, आणि मगच ते दत्तक देतात. नसबंदीचा आग्रह एवढ्यासाठी की ‘फुकटात अल्सेशियन मिळतो’ म्हणून पिल्लांच्या धंद्यासाठी घेऊन जाणारे महाभागही दत्तक घ्यायला येतात.

हे सर्व मी ऐकीव लिहीत नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी अशीच एक कुत्री आली.

माझे वडील शहराबाहेरच्या एका गोदामावर रात्रपाळीचे राखणदार आहेत. गोदामाच्या आवारातल्या दोन खोल्यांत आम्ही राहतो: आई, आबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक छापील कागद माझ्यापुढे येतो. तसा दत्तकाचा अर्जही आला. दोन पानी, सगळा इंग्रजीत. घर स्वतःचे की भाड्याचे? कुंपण आहे का? कुत्रे दिवसाचे किती तास एकटे राहील? घरातल्या सर्वांची संमती आहे का? गावाला गेलात तर कोण सांभाळील? यापूर्वी कुत्रा पाळला असल्यास त्याचे काय झाले? मी वाचून दाखवत होते आणि आबा उत्तरे देत होते. शेवटच्या प्रश्नाला ते म्हणाले, “लिही, आमच्या आण्णांच्या मेंढरांमागं चौदा वर्षं हिंडला, म्हातारा होऊन मेला.” आजी मध्येच म्हणाली, “पोरगी देतानासुद्धा कोणी येवढं इचारत नाही!”

आजीचे बोलणे विनोदाचे असले तरी त्यात खोच आहे. एवढ्या चौकशीचा पुष्कळांना राग येतो. ‘आम्ही उपकार करायला निघालो आणि हे आमचीच परीक्षा घेतात’ असे म्हणणारे मला भेटले आहेत. माझे मत उलट आहे. एकदा टाकलेले जनावर दुसऱ्यांदा टाकले जाऊ नये, एवढीच त्या चौकशीची इच्छा असते. ज्याला प्रश्नांचा कंटाळा येतो, त्याला पावसाळ्यात भल्या पहाटे उठून कुत्रे फिरवून आणण्याचा कंटाळा येणारच. म्हणून प्रश्न विचारावेत, अवश्य विचारावेत. प्रश्न कोणते असावेत, याविषयी मात्र माझे म्हणणे आहे.

‘घर स्वतःचे आहे का’ या प्रश्नापाशी आमचा अर्ज अडला. आवाराच्या मालकाचे संमतिपत्र आणल्यावर सुटला, आणि दोन ताई घर पाहायला आल्या. त्यांची नजर आधी खोल्यांच्या आकारावरून फिरली, हे मी पाहिले. मग त्यांनी आजीला विचारले, “आजी, तुम्ही दिवसभर घरीच असता का?” आजी म्हणाली, “मी कुठं जाती? मला तरी कोण नेतंय?” त्यानंतर त्या ताईंचा चेहरा बदलला. कारण त्यांना ठाऊक होते की पाच खोल्यांचा बंगला असून सकाळी नऊ ते रात्री आठ कुलूप लागत असेल, तर कुत्र्याच्या वाट्याला पाच खोल्या नव्हे, अकरा तास येतात. मोठ्या कुत्र्याला जागा लागते ती पाय पसरून झोपण्यापुरती. धावायला मैदान लागते, ते घराबाहेर असते. घरात लागते ते माणूस. ज्यांच्या घरात माणसे आहेत पण अंगण नाही, अशी घरे या देशात थोडी नाहीत. घर किती मोठे, याआधी घरात कोण असते, हे विचारावे.

दुसरी अडचण याहून अवघड होती. अर्जावर स्वच्छ लिहिले होते की राखणीसाठी कुत्रा दिला जाणार नाही. आणि आबांचा तर व्यवसायच राखणीचा! या नियमाचे कारण मला पटते. राखणीच्या नावाखाली फाटकाशी चोवीस तास साखळीला बांधलेली, ऊन-पावसात कुजणारी कुत्री आपण सर्वांनी पाहिली आहेत. तो तुरुंग आहे. परंतु ‘कुत्र्याला काम’ हे शब्द ऐकताच शहरी प्राणिमित्रांच्या कपाळाला आठी पडते, ती मला पटत नाही. आमच्या घराण्यात कुत्रा कधी नुसता बसून नव्हता. तो वाड्याबरोबर हिंडला, लांडग्यावर धावला, आणि रात्री माणसांनी खाल्ली तीच भाकरी त्याने खाल्ली. त्याला काम होते म्हणून मान होता. आणि अल्सेशियन तरी कोण? त्याचे मूळ नाव जर्मन शेफर्ड, म्हणजे मेंढपाळाचा कुत्रा. मॅक्स फॉन श्टेफानिट्स नावाच्या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने १८९९ साली मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून या जातीची बांधणी सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन नाव नकोसे झाले, म्हणून त्यांनी त्याला अल्सेशियन केले. नाव बदलले तरी रक्तातला धनगर कसा जाईल? अशा कुत्र्याला नुसते गादीवर लोळवले की ते चपला फाडते, भिंती उकरते, आणि मग मालक म्हणतो, ‘कुत्रे वेडे आहे.’

शेवटी तोड निघाली. साखळी बांधायची नाही. दिवसा घरात झोपायचे. रात्री आबांबरोबर आवारात चार फेऱ्या मारायच्या. याला राखण म्हणावे की फिरणे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला वाटते, नियम असा असावा की ‘बांधून ठेवण्यासाठी कुत्रा देणार नाही’. मग धनगरालाही तो मान्य आणि प्राणिमित्रालाही.

कुत्रीचे नाव राणी. वय सहाच्या आसपास, वजन २८ किलो. पिल्लांसाठी वापरून कोणीतरी तिला महामार्गावर सोडले होते. पाहुणघरात तिने चार महिने काढले. लहान जातीची कुत्री तिथून आठवड्याभरात जातात, मोठी आणि वयस्क मागे राहतात, असा त्या ताईंचा अनुभव आहे. आणि जोवर एक जात नाही तोवर रस्त्यावरच्या दुसऱ्याला जागा होत नाही. तीन दिवस भीती, तीन आठवडे ओळख, तीन महिने विश्वास असा या लोकांचा एक ठोकताळा आहे. राणीने पहिले तीन दिवस पलंगाखालून तोंड बाहेर काढले नाही. आजी रोज पलंगाशेजारी बसून तांदूळ निवडीत असे, कुत्रीकडे न पाहता. चौथ्या दिवशी राणीने तिच्या लुगड्यावर हनुवटी टेकली.

आता हिशेब. भावनेच्या भरात कुत्रे आणणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. एवढ्या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला तेराशे-चौदाशे उष्मांक लागतात. नुसत्या भाकरीवर ते जगते, पण निभत नाही. अंडी, कोंबडीचे तुकडे, असे काही हवे. आमच्याकडचा रस्सा त्याला चालत नाही, कारण कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात, म्हणून तीही नकोत. रेबीजची लस दोन किलोच्या कुत्र्याला आणि पन्नास किलोच्या कुत्र्याला सारखीच लागते. परंतु जंताची गोळी, गोचिडाचे औषध, शस्त्रक्रियेतली भूल ही सारी वजनावर. म्हणजे कुत्रा मोठा तसे बिल मोठे. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो आणि तेव्हा काही तासांत डॉक्टर गाठावा लागतो. अल्सेशियनचा खुबा म्हातारपणी दगा देतो. आमचा महिन्याचा खर्च दोन हजारांच्या आगेमागे जातो. पावसाळ्यात गोचीडताप आला तेव्हा एका आठवड्यात अठराशे रुपये गेले. आबांनी ओव्हरटाइम केला. हे लपवून ‘दत्तक घ्या, पुण्य लागते’ असे सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पैसे नसतील तर दत्तक घेऊ नये. पाहुणघर व्हावे. त्यात बहुतेक ठिकाणी औषधपाण्याचा खर्च स्वयंसेवक उभा करतात. आपण द्यायची ती जागा आणि वेळ.

एक आक्षेप मात्र माझ्या मनाला खरोखर लागतो. माझ्याच एका मैत्रिणीने तो घेतला. “तुझी फी हप्त्यांनी भरतेस आणि कुत्रीला अंडी?” माणसाला खायला नाही तिथे कुत्र्याचे कौतुक कशाला, हा प्रश्न ज्यांनी उपास काढले त्यांनी विचारला, तर त्याला टाळता येत नाही. माझे उत्तर असे आहे. हे कुत्रे विकत घेतले कोणी? आम्ही नाही. टाकले कोणी? आम्ही नाही. पण टाकल्यावर ते येते कुठे? ज्यांनी विकत घेतले त्यांच्या वसाहतीच्या फाटकावर पहारेकरी असतो. ते येते आमच्या वस्तीच्या कडेला, जिथे बाया पहाटे पाण्याला जातात, पोरे उघड्यावर खेळतात, कामगार रात्रपाळीहून पायी परततात. भुकेले, घाबरलेले, तीस किलोचे जनावर आणि अंधारातला सायकलवाला यांची गाठ पडते तेव्हा कोणाचाच दोष नसतो आणि दोघांचेही नुकसान होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर भटक्या कुत्र्यांवर देशभर वाद झडला. त्या वादात घरातून रस्त्यावर ढकललेल्या कुत्र्यांचाही हिशेब मांडायला हवा होता. कुत्र्याला घर देणे ही श्रीमंतांची हौस नाही. त्यांच्या हौसेने मागे टाकलेले ओझे कोणीतरी उचलणे आहे. ते उचलताना आमच्या घरात कोणाचे ताट कमी झाले नाही. झाले असते तर मीही नको म्हटले असते.

दुसरी भीती जातीची. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींची कुत्री हिंस्र ठरवून त्यांच्या विक्रीला आणि पाळण्याला बंदी घालावी असे पत्र राज्यांना पाठवले. त्यात रॉटवायलरही होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. मोठ्या कुत्र्याचा चावा लहान कुत्र्याच्या चाव्यापेक्षा भयंकर असतो, हे खरेच आहे. त्याची ताकद ओळखूनच त्याला पाळावे. तथापि जन्मावरून स्वभाव ठरवण्याची सवय आपल्या समाजाला नवी नाही आणि तिचा अनुभव आमच्यासारख्यांना पुरेसा आहे. पाहुणघराचा मोठा गुण हाच की तिथे जात न विचारता एकेका जनावराचा स्वभाव पाहतात, आणि चावरे असेल तर तसे स्पष्ट सांगतात.

मित्रहो, निबंध म्हटला की शेवटी उपदेश आला. मी तो टाळते आणि तीन सूचना करते. पहिली, पिल्लू विकत घेण्याचा विचार कोणाच्या घरी चालला असेल, तर त्याने आधी एक महिना एखाद्या पाहुणघरात रोज तासभर जावे. हौस असेल तर फिटेल; प्रेम असेल तर टिकेल. दुसरी, दत्तकाचे अर्ज मराठीत व्हावेत. ज्या घरांत दिवसभर माणूस असते, त्या घरांत इंग्रजी नसते. हे काम आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतले तर दोन दिवसांचे आहे, आणि प्राध्यापक मंडळींनी भाषा तपासून द्यावी. तिसरी, स्वयंसेवकांना. घराची लांबी-रुंदी लिहून घ्या, पण त्याआधी ‘घरात म्हातारे माणूस कोण आहे?’ असा एक रकाना वाढवा.

प्राथमिक शाळेतल्या त्या निबंधात आणखी एका वाक्याची भर घालायला हरकत नाही. कुत्रा इमानी असतो, हे त्याने कधीच सिद्ध केले आहे. उत्तरपत्रिका आपली कोरी आहे.